रिकामा रकाना : चेक-स्लोवाक वंशशोधाच्या आख्यानांविषयी

१

वंशावळ हा साहित्यप्रकार आहे काय, असा प्रश्न साहित्यशास्त्राने क्वचितच विचारला आहे. इतिहासाचे एक साधन, कुलाभिमानाचे भांडवल किंवा फार तर दीर्घ कादंबरीच्या आरंभी वाचकाच्या सोयीसाठी जोडलेला तक्ता, एवढ्यावरच तिची बोळवण होते. परंतु वंशशोध हा मूलतः वाचनाचा व्यवहार आहे. शोध घेणाऱ्यासमोर पूर्वज कधीच प्रत्यक्ष उभा राहत नाही. समोर येते ती त्याची नोंद. ती नोंद कुणीतरी, कुठल्यातरी सत्तेच्या वतीने, एका विशिष्ट भाषेत आणि आधीच आखलेल्या रकान्यांत केलेली असते. म्हणजे वंशशोधकाला मिळणारी सामग्री ही आधीच एक संहिता असते आणि तिच्या आधारे तो जे रचतो ते दुसरे आख्यान असते. या दोहोंमधील ताण हा वंशकथनाच्या समीक्षेचा खरा विषय होय.

चेक आणि स्लोवाक प्रदेशांच्या संदर्भात हा ताण विशेष तीव्र आहे. १९१८ पर्यंत बोहेमिया आणि मोराव्हिया हे हाब्सबुर्ग साम्राज्याच्या ऑस्ट्रियन अर्ध्यात होते, तर आजचा स्लोवाकिया हा हंगेरीच्या राज्याचा उत्तर भाग होता. १९१८ मध्ये चेकोस्लोवाकिया जन्मास आले, १९३९ मध्ये ते मोडले, १९४५ मध्ये पुन्हा जुळले आणि १९९३ च्या आरंभी त्याची दोन राज्ये झाली. एकाच गावात, एकाच घरात जन्मलेल्या सलग पिढ्यांचे जन्म निरनिराळ्या राज्यांत आणि निरनिराळ्या राजभाषांत नोंदले जावेत, ही येथे नित्याची गोष्ट आहे. अशा प्रदेशातील माणूस आपले मूळ शोधू लागतो तेव्हा त्याला मूळ सापडण्याऐवजी नोंद करणाऱ्या सत्तांची एक मालिकाच सापडते. मिशेल फुको याने नीत्शेवरील आपल्या १९७१ च्या निबंधात वंशमीमांसा ही उगमाच्या शोधाला विरोध करणारी पद्धती आहे, असे प्रतिपादन केले होते. हे प्रतिपादन तत्त्वज्ञानाच्या पातळीवर चर्चिले गेले. परंतु चेक-स्लोवाक दप्तरखान्यात बसलेल्या साध्या शोधकालाही ते अनुभवाने पटते.

तथापि, सातत्य खंडित आहे एवढे म्हणून भागत नाही. वंशकथनाची कसोटी लागते ती नोंद जेथे संपते, खोटी पडते किंवा गप्प बसते तेथे. त्या रिकाम्या जागेचे लेखक काय करतो, या प्रश्नावर या प्रकारच्या लेखनाचे वाङ्मयीन आणि नैतिक मूल्य अवलंबून असते. बोझेना न्येम्त्सोव्हा, टॉमस बेल, हेलेन एपस्टीन आणि टॉम स्टॉपर्ड यांच्या एकेका कृतीच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येईल. त्यापूर्वी नोंदीचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे.

२

ख्रिस्ती पॅरिशच्या नोंदवहीला चेकमध्ये ‘मात्रिका’ म्हणतात. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक घातला. मृत्यूच्या नोंदीचा नियम पुढे १६१४ च्या रोमन विधिसंहितेत आला. या नोंदींचा मूळ हेतू धार्मिक होता. कोणाचा बाप्तिस्मा झाला आणि कोणाचे लग्न कोणाशी होऊ शकत नाही, हे चर्चला ठाऊक असणे आवश्यक होते. परंतु तीस वर्षांच्या युद्धानंतर हेतू बदलत गेला. १६५१ मध्ये बोहेमियातील प्रजेची धर्मानुसार जी यादी करण्यात आली, तिच्यात नाव, वय आणि दर्जा यांच्या जोडीला माणूस कॅथलिक आहे की नाही, आणि नसल्यास तो धर्मांतर करील अशी आशा आहे की नाही, याचीही नोंद आहे. आजचा वंशशोधक या यादीकडे पूर्वजाचे वय मिळते म्हणून वळतो. प्रत्यक्षात ती एका राजसत्तेने आपल्या प्रजेच्या अंतःकरणाविषयी केलेली नोंद आहे.

१७७०-७१ मध्ये घरांना क्रमांक मिळाले ते सैन्यभरतीच्या सोयीसाठी. तोपर्यंत बोहेमियाच्या खेड्यात आडनाव स्थिर नव्हते. दुसऱ्याच्या घरावर आणि शेतावर जो राहायला येई, त्याला त्या घराचे नाव चिकटे. विधवेशी लग्न करून तिच्या घरी आलेल्या पुरुषाचे नाव बदले आणि एकाच बापाचे दोन मुलगे दोन नावांनी नोंदले जात. पित्याकडून पुत्राकडे नाव जाते आणि नावाबरोबर वंश जातो, हे वंशवृक्षाचे गृहीतकच येथे टिकत नाही. नाव रक्ताचे नसून छपराचे होते. वंशवृक्षाच्या रूपकात झाड एका खोडातून फुटते. येथे मात्र माणसे घरांतून ये-जा करतात आणि स्थिर राहते ते घर. आपल्याकडील कुलवृत्तांताला मूळ पुरुषापासून आरंभ करण्याची सवय आहे. बोहेमियाच्या नोंदवहीपुढे ती निरुपयोगी ठरावी.

सम्राट दुसरा योसेफ याच्या २० फेब्रुवारी १७८४ च्या फर्मानाने या वह्यांना सरकारी दस्तऐवजाचा दर्जा दिला. जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या स्वतंत्र वह्या, गावनिहाय नोंदी, छापील वाटावेत असे रकाने: घरक्रमांक, धर्म, लिंग, औरस की अनौरस, आईबाप, साक्षीदार. धर्मगुरू आता शासनाचाही लेखनिक झाला. पुढे आजी-आजोबांची नावे आणि सुइणीचे नावही लिहिले जाऊ लागले, आणि नोंद अधिकाधिक बोलकी होत गेली. परंतु रकान्यांचा एक गुण असा की, ते प्रश्न आधी ठरवतात आणि उत्तर त्या प्रश्नाच्या मापाचेच येते. ज्याला रकाना नाही ते जीवनातून गळते. गावच्या बोलीत ज्याला वाच्लाव म्हणत तो लॅटिन नोंदीत वेन्सेस्लाउस आणि जर्मन नोंदीत वेन्झेल होतो. स्लोवाक मुलखात वह्या प्रथम लॅटिनमध्ये, १८४० च्या दशकापासून हंगेरियनमध्ये, आणि १ ऑक्टोबर १८९५ पासून चर्चबाहेर, शासकीय निबंधकाकडे लिहिल्या गेल्या. घरात ज्याला वोयतेख अशी हाक मारली जाई तो लॅटिनमध्ये आदाल्बेर्तुस आणि हंगेरियनमध्ये बेला म्हणून वावरला. यांतले खरे नाव कोणते, हा प्रश्नच चुकीचा आहे. पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलायचे तर येथे मूळ पाठ उपलब्ध नाही. सर्व पाठ भाषांतरितच आहेत.

या नोंदव्यवस्थेचे सर्वांत कठोर रूप बोहेमिया आणि मोराव्हियातील ज्यू समाजाच्या वाट्याला आले. १७२६-२७ मध्ये लागू झालेल्या कुटुंबमर्यादेच्या कायद्याने ज्यू कुटुंबांची संख्या बोहेमियात ८५४१ आणि मोराव्हियात ५१०६ इतकी गोठवली. कुटुंबाचा परवाना बापाकडून एकाच मुलाकडे, सामान्यतः थोरल्याकडे, जाई. त्यालाच कायदेशीर विवाह करता येई. धाकट्यांपुढे मार्ग दोनच. एक म्हणजे देशांतर. त्यामुळे मोराव्हियातील अनेक ज्यू कुटुंबे हंगेरीच्या उत्तर भागात, म्हणजे आजच्या स्लोवाकियात, गेली. दुसरा मार्ग केवळ धार्मिक विधीने गुप्तपणे विवाह करण्याचा. असा विवाह शासनाच्या लेखी विवाहच नव्हता. त्यातून झालेली अपत्ये अनौरस म्हणून आणि आईच्या नावाने नोंदली जात. पित्याचा रकाना रिकामा राही. हा कायदा १८४८ च्या क्रांतीनंतर संपुष्टात आला. १७८७ च्या फर्मानाने ज्यूंना कायमची जर्मन नावे घ्यावयास लावली होतीच. तेव्हा आज एखाद्या वंशशोधकाला आपल्या खापरपणजोबापुढे ‘अनौरस’ हा शब्द दिसतो, तेव्हा त्यातून त्या घरातील नीतीविषयी काहीच कळत नाही. कळते ते कायद्याविषयी.

३

नोंद ही केवळ स्मृतीची जागा नाही, हे विसाव्या शतकाने अधिक क्रूरपणे सिद्ध केले. जर्मन अंमलाखालील बोहेमिया-मोराव्हियात २१ जून १९३९ च्या आदेशाने ज्यू कोण, हे आजी-आजोबांवरून ठरवले जाऊ लागले. सामान्य माणसे पॅरिशच्या दारात रांगा लावून आपल्या दोन पिढ्यांचे दाखले मागू लागली. वंशशोध हा हौशी किंवा अभिजनांचा छंद राहिला नाही. तो सक्तीचा झाला आणि त्याच्या निष्कर्षावर जीव अवलंबून राहिला. ज्यांनी आयुष्यात कधी प्रार्थनामंदिराची पायरी चढली नव्हती अशा माणसांना नोंदवहीने ज्यू ठरवले. आणि नाझी अंमलाच्या अखेरीस याच समाजाच्या बहुतेक मूळ नोंदवह्या नष्ट करण्यात आल्या. आज शोधकाला जे मिळते ते मुख्यतः शासनाकडे पाठवण्यासाठी केलेल्या प्रतिलिपींवरून. माणसांना नोंदीच्या आधारे वेचायचे आणि मग नोंदही पुसायची, अशी ही दुहेरी क्रिया होती.

१९४८ नंतरच्या साम्यवादी राजवटीत वंशाची जागा वर्गाने घेतली. १९५० पासून नोंदवह्या चर्चकडून शासनाकडे गेल्या. नोकरीच्या आणि विद्यापीठाच्या अर्जात वर्गीय मूळ लिहावे लागे. आजोबा कारखानदार किंवा सधन शेतकरी असणे नातवाला महागात पडे. साहजिकच पुन्हा एकदा पूर्वज लपवले गेले. कुळ, धर्म, वंश, वर्ग: प्रत्येक सत्तेने माणसाला त्याचे मूळ विचारले आणि प्रत्येक वेळी प्रश्नाचे कारण बदलले. १९८९ नंतर ज्या पिढीने घरातील बंद कपाटे उघडली, तिला म्हणूनच केवळ विस्मृतीशी सामना करावा लागला नाही. तो विचारपूर्वक पाळलेल्या मौनाशीही करावा लागला. या मौनात भीती होती तसे वात्सल्यही होते. आईबापांनी मुलांना सांगितले नाही, कारण न सांगणे हेच त्यांना देता येण्याजोगे संरक्षण होते.

४

चेक साहित्यात पूर्वजाची सर्वपरिचित प्रतिमा १८५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्येम्त्सोव्हाच्या ‘बाबिच्का’ या कादंबरीत आहे. ‘बाबिच्का’ म्हणजे आजी. या आजीला लेखिकेची आजी माग्दालेना नोवोत्ना हिचा आधार आहे. परंतु प्रत्यक्षातील आजी काही वर्षांनी ते घर सोडून गेली आणि व्हिएन्नात वारली, तर कादंबरीतील आजी त्याच खोऱ्यात, आपल्या माणसांत देह ठेवते. १८५३ मध्ये थोरला मुलगा हिनेक गेल्यानंतरच्या शोकात आणि दारिद्र्यात न्येम्त्सोव्हाने हे लेखन केले, हे ध्यानात घेतले म्हणजे या बदलामागील गरज कळते. ज्या सातत्याला जीवनाने नकार दिला ते सातत्य कादंबरीने निर्माण केले.

गंमत अशी की, चेक राष्ट्राला आजी देणाऱ्या या लेखिकेचीच वंशावळ वादग्रस्त आहे. तिची जन्मनोंद १८२० ची, व्हिएन्नातील, अविवाहित तेरेझिए नोवोत्ना हिची मुलगी म्हणून आहे. त्याच वर्षी आईचे लग्न योहान पान्कल या जर्मनभाषक ऑस्ट्रियन नोकराशी झाले. नोंदीतील या फटीत एक मोठी कथा वाढली. ही मुलगी खरी सागानच्या सरदार घराण्यातील असावी, ती या गरीब जोडप्याकडे वाढवण्यासाठी सोपवली असावी, अशा तर्कांनी चेक अभ्यासकांना आणि वाचकांना कित्येक दशके गुंतवून ठेवले. शाळेच्या नोंदींवरून तिचे जन्मवर्षही मागे ढकलण्याचे प्रयत्न झाले.

या वादाचा निकाल काय लागतो, याच्याशी समीक्षेला कर्तव्य नाही. महत्त्वाचे आहे ते त्यामागील वाचनाचे गृहीतक. धोबीण आई आणि गाडीवान बाप यांच्या पोटी एवढी प्रतिभा कशी यावी, हा न बोललेला प्रश्न या शोधाला चालना देतो. रिकामी जागा दिसताच तेथे सरदारकन्या बसवण्याचा मोह होतो. ‘बाबिच्का’ची रचना या मोहाला नेमका छेद देते. तेथे राजकन्येजवळ वैभव आहे, परंतु शहाणपण, भाषा आणि कथा यांचा वारसा विणकर घराण्यातल्या आजीकडून नातीकडे, म्हणजे स्त्रियांच्या तोंडून, उतरतो. रक्ताची परंपरा आणि भाषेची परंपरा यांत कादंबरी दुसरीची निवड करते. लेखिकेच्या रक्ताचा शोध घेणारे तिच्या कृतीचे म्हणणे ऐकतच नाहीत.

अर्थात ‘बाबिच्का’ला या निवडीची किंमत मोजावी लागली. आजीचे जाणे, आईची अविवाहित अवस्था, घरातील जर्मन आणि चेक यांची सरमिसळ, हे सारे तिच्यात निवळून एक सुडौल खोरे उरते. राष्ट्रीय प्रबोधनाच्या काळाला असे निर्वेध मूळ हवेच होते. त्या हव्यासाचे टोक म्हणजे १८१७ आणि १८१८ मध्ये ‘सापडलेली’ क्रालोव्हे द्वूर आणि झेलेना होरा येथील प्राचीन म्हणवली जाणारी हस्तलिखिते. त्यांनी चेक भाषेला जर्मनच्या बरोबरीचे प्राचीनत्व मिळवून दिले. १८८६ मध्ये यान गेबाउएर आणि मासारिक यांनी त्यांचा बनावटपणा उघडा केला तेव्हा त्यांना राष्ट्रद्रोही ठरवण्यात आले. कुटुंबाच्या वंशावळीत कल्पित सरदार बसवणे आणि राष्ट्राच्या वाङ्मयात कल्पित महाकाव्य बसवणे, या एकाच वृत्तीच्या दोन कृती आहेत. मासारिकची भूमिका वंशकथनालाही लागू पडते: असत्यावर उभारलेला अभिमान राष्ट्राला, आणि घराण्यालाही, दुबळेच करतो.

५

स्लोवाक अनुभवातील वंशकथनाचे स्वरूप निराळे आहे, कारण तेथे शोधाचा आरंभ बहुधा समुद्रापलीकडून होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पहिल्या महायुद्धापूर्वी लक्षावधी स्लोवाक अमेरिकेत गेले. जहाजांच्या याद्यांत आणि खानेसुमारीत ते बरेचदा ‘हंगेरियन’ म्हणून लिहिले गेले, कारण त्यांचे राज्य हंगेरीचे होते. टॉमस बेल याची १९४१ मधील ‘आउट ऑफ धिस फर्नेस’ ही कादंबरी या मुलखातून आलेल्या एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांची, पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडक या पोलादनगरीतील कथा आहे. लेखकाचे जन्मनाव आदाल्बेर्त टॉमस बेलेयचाक. त्याने आपले आडनाव कापून छोटे केले. कादंबरीतील घराण्याला दिलेले दोब्रेयचाक हे नाव मात्र त्या कापलेल्या नावाच्या नादाशी जुळते. मुखपृष्ठावर गमावलेले नाव आतल्या पानांत वेषांतर करून परत येते.

कादंबरीचे चार भाग चार माणसांच्या नावांनी आहेत: क्राखा, माइक दोब्रेयचाक, मेरी आणि डोबी. १८८१ मध्ये ड्यूरो क्राखा बायकोला मागे ठेवून निघतो. प्रवासात जवळचे पैसे उडवतो आणि न्यूयॉर्कहून पेनसिल्व्हेनियापर्यंत पायी जातो. मूळ पुरुषाची ही कथा मूर्खपणाने सुरू होते, हे बेलचे मोठे धैर्य होय. पूर्वजाला पूजनीय करण्याचा मोह त्याने टाळला आहे. दुसरी गोष्ट अशी की, ही कादंबरी खेड्याकडे परत जात नाही. पूर्वजांची भूमी म्हणजे मागे राहिलेले गाव, हे स्थलांतरितांच्या वाङ्मयातील नेहमीचे समीकरण तिने नाकारले आहे. येथे वारसा म्हणजे भट्टीसमोरची पाळी, अपघातात गेलेला बाप, भाड्याने खोल्या देणारी आई आणि कारखान्याच्या दप्तरात चुकीचे लिहिलेले नाव. एडवर्ड सैद याने जन्मसिद्ध नाते आणि स्वीकृत नाते असा जो भेद केला आहे, त्याच्या प्रकाशात बेलची कादंबरी एकातून दुसऱ्याकडे जाणारी वाट दाखवते: वंश कामगार संघटनेत विलीन होतो.

मात्र नेमके येथेच तिचे वैगुण्य आहे. १९३० च्या दशकातील संघटनेचा विजय हा कादंबरीचा शेवट असल्यामुळे आधीच्या पिढ्यांचे दुःख त्या विजयाची पूर्वतयारी ठरते. क्राखाचे भरकटलेले, कशातही न बसणारे आयुष्य नातवाच्या यशाच्या हिशेबात बसवले जाते. वंशजाने पूर्वजाला अर्थ पुरवावा हे स्वाभाविक आहे; परंतु पूर्वज वंशजासाठीच जगला, असे भासवणे हाही रिकामा रकाना भरण्याचा एक प्रकार आहे.

६

हेलेन एपस्टीन हिचा जन्म १९४७ चा, प्रागचा; वाढ न्यूयॉर्कची. १९७९ मध्ये तिने नाझी छळातून वाचलेल्यांच्या मुलांविषयी लिहिले. १९८९ मध्ये आई फ्रांत्सी वारली; मागे कुटुंबाविषयीचे तिचे एक टिपण उरले. त्याच वर्षी चेकोस्लोवाकियातील राजवट कोसळली आणि दप्तरखाने खुले झाले. या दोन घटनांच्या योगातून १९९७ मधील ‘व्हेअर शी केम फ्रॉम’ हे पुस्तक आकाराला आले. पणजी तेरेझे, आजी योसेफिना आणि आई फ्रांत्सी या तीन स्त्रियांच्या आयुष्यांचा हा माग आहे.

मातृवंशाची निवड ही केवळ भावनिक नाही. ती नोंदव्यवस्थेशी घेतलेली टक्कर आहे. नोंदवही आडनावाच्या धाग्याने चालते आणि स्त्रीचे आडनाव प्रत्येक पिढीत बदलते. आईकडून मागे जाणाऱ्याला दर पिढीला नवा धागा पकडावा लागतो. शिवाय पणजीने व्हिएन्नात आत्महत्या केली आणि आजी नाझींच्या हातून मारली गेली; तिघींपैकी जिच्याकडून काही थेट ऐकता आले अशी एकटी आईच. एपस्टीन ही पोकळी सामाजिक इतिहासाने वेढते. फिरते विक्रेते, खानावळवाले, शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया, प्रागमधील कपड्यांची दुकाने, भाषेनुसार विभागलेल्या शाळा यांचे तपशील ती गोळा करते आणि त्या परिघात आपल्या स्त्रियांना उभे करते.

या पद्धतीवर आक्षेप घेता येतो. व्यक्तीविषयी माहिती नाही म्हणून तिच्या वर्गाची माहिती दिली, तर व्यक्ती नमुना होऊन बसते. पणजी कशी जगली असेल हे तिच्यासारख्या स्त्रिया कशा जगत होत्या यावरून सांगितले की, तिचे वेगळेपण, आणि शेवटी तिच्या खिडकीतून झालेल्या मृत्यूचे गूढ, सर्वसामान्यात विरघळते. हा आक्षेप खरा आहे. परंतु एपस्टीनच्या गद्यात अनुमान आणि पुरावा यांच्यातील शिवण दिसत राहते. आई आणि आजी यांचा शिवणकाम हा व्यवसाय होता. त्यामुळे हे रूपक कथनपद्धतीला सहज लागू पडते. उलट्या बाजूने पाहिले तर टाके दिसावेत, असेच हे वस्त्र बेतलेले आहे. वाचकाला फसवून सलगपणाचा भास निर्माण करण्यापेक्षा ही पद्धती प्रामाणिक आहे.

या पुस्तकाला पुढे एक अनपेक्षित जोड मिळाली. फ्रांत्सीने १९७० च्या दशकात स्वतःच्या युद्धकाळातील आठवणी लिहिल्या होत्या. त्या ‘फ्रांत्सीज वॉर’ या नावाने २०२० मध्ये प्रसिद्ध झाल्या. म्हणजे लेकीने केलेले आईचे आख्यान वाचकांपर्यंत आधी पोचले आणि आईचे आत्मकथन तेवीस वर्षांनी. पूर्वजाची संहिता वंशजाच्या संहितेनंतर यावी, हा क्रम वंशावळीच्या कालरेषेला उलटा करतो. वाचनाच्या दृष्टीने आता मुलगी पूर्ववर्ती आहे आणि आई उत्तरवर्ती. आईचे तिखट, स्वतःविषयी हळवे न होणारे निवेदन वाचताना लेकीच्या पुस्तकातील शोकाचे स्थान बदलते. आणि जिच्याविषयी बोलले गेले तिला स्वतः बोलण्याचा हक्क असतो, ही साधी गोष्ट पुन्हा प्रस्थापित होते.

७

टॉम स्टॉपर्डचा जन्म १९३७ मध्ये मोराव्हियातील झ्लीन येथे, तोमाश श्ट्रॉइस्लर या नावाने झाला. वडील बाटा कंपनीच्या रुग्णालयात डॉक्टर होते. १९३९ मध्ये कुटुंब सिंगापूरला गेले. १९४२ मध्ये वडील मारले गेले. आई दोन मुलांसह भारतात आली आणि दार्जिलिंगमध्ये तिने बाटाचे दुकान सांभाळले. तेथेच मुलाचे आरंभीचे इंग्रजी शिक्षण झाले. आईने मेजर स्टॉपर्डशी विवाह केल्यानंतर १९४६ मध्ये हे कुटुंब इंग्लंडला पोचले. चेक भाषा, नाव आणि धर्म तीन टप्प्यांत मागे पडले. १९९० च्या दशकात एका नातलग स्त्रीने लंडनमध्ये कागदावर वंशवृक्ष काढून दाखवला तेव्हा आपले चारही आजी-आजोबा ज्यू होते आणि नाझींच्या छळछावण्यांत मेले, हे त्याला समजले. १९९९ मध्ये त्याने यावर निबंध लिहिला. नाटक यायला २०२० उजाडले.

‘लेओपोल्डश्टाट’ या नाटकाने झ्लीनचे कुटुंब व्हिएन्नात नेले आहे. १८९९ पासून १९५५ पर्यंत मेर्झ आणि याकोबोव्हिच या घराण्यांच्या पिढ्या एकाच दिवाणखान्यातून जातात. आरंभीच आजी छायाचित्रांच्या अल्बममध्ये नावे लिहीत असते. चेहरा आहे पण नाव नाही, ही तिची चिंता पुढील साऱ्या नाटकावर सावलीसारखी पडते. पात्रांची संख्या मुद्दाम एवढी ठेवली आहे की, प्रेक्षकाला नाती लक्षात राहत नाहीत. कोण कुणाचा मेहुणा, कोण कुणाची भाची, याचा गोंधळ होत राहतो. काही समीक्षकांना हा दोष वाटला. परंतु अखेरच्या प्रवेशात वंशवृक्षाचा कागद पुढे येतो आणि प्रत्येक नावापुढे मृत्यूचे स्थळ सांगितले जाते, तेव्हा त्या गोंधळाचा अर्थ उलगडतो. ज्या माणसांना ओळखण्याचा आळस प्रेक्षकाने केला ती माणसे आता नाहीत. वंशवृक्षाचे वाचन आणि मृतांची यादी एकच होऊन जाते. लिओ या, इंग्रज होऊन गेलेल्या तरुणाच्या अज्ञानात प्रेक्षकाचाही वाटा असतो.

लिओच्या हातावर एक व्रण आहे. लहानपणी त्याची जखम घरातल्या डॉक्टरने शिवली होती. यामागे एक प्रत्यक्ष घटना आहे. चेक प्रजासत्ताकाच्या भेटीत स्टॉपर्डला एक स्त्री भेटली, जिच्या हातावर त्याच्या वडिलांनी घातलेल्या टाक्यांचा व्रण होता, आणि तो त्याने स्पर्शून पाहिला. वडिलांचा एवढाच ठसा उरला होता, तोही परक्या देहावर. नाटकात तो व्रण नायकाच्या स्वतःच्या हातावर येतो. हा बदल कदाचित नाटकाला सोयीचा असेल. पण त्यातून काहीतरी निसटले आहे. पित्याचा वारसा मुलाच्या देहात न उरता, त्याने बऱ्या केलेल्या एका अनोळखी मुलीच्या देहात उरावा, यात रक्ताच्या पलीकडील नात्याचे जे विलक्षण सूचन होते, ते नायकाच्या हातावर आणल्याने पुन्हा रक्ताकडे वळले. मूळ घटना येथे कलाकृतीहून अधिक धीट आहे.

यादी हाच वंशकथनाचा अंतिम आकार ठरावा, असे प्रागमध्ये पिन्कास प्रार्थनामंदिराच्या भिंतींसमोर वाटते. १९५४ ते १९५९ या काळात तेथे बोहेमिया आणि मोराव्हियातील बळी गेलेल्या ज्यूंची नावे हाताने रंगवली गेली: गावानुसार, कुटुंबानुसार, जन्मतारीख आणि शेवटची ज्ञात तारीख यांसह. यिरी वाइल याने १९५८ मध्ये ७७,२९७ बळींसाठी लिहिलेल्या शोकलेखाच्या शीर्षकातच ही संख्या आहे. पुढे साम्यवादी राजवटीत हे मंदिर दीर्घकाळ बंद राहिले, नावे पुसली गेली आणि १९९० च्या दशकात पुन्हा लिहावी लागली. नोंदवहीतील रकाने येथे उलट्या कामासाठी वापरले आहेत. ज्या व्यवस्थेने नाव, तारीख आणि गाव लिहून माणसे वेचली, त्याच नाव, तारीख आणि गाव यांनी ती परत आणली आहेत. मात्र येथे एकही आख्यान नाही. कुणाविषयीही काही सांगितलेले नाही, आणि म्हणून कुणाविषयीही काही खोटे सांगितलेले नाही.

८

वंशकथनाला यादीवर थांबता येत नाही. त्याला सांगावेच लागते. तेव्हा प्रश्न पुन्हा त्या मोराव्हियातील रकान्यापाशी येतो, जेथे पित्याचे नाव लिहिलेले नाही. शोधकापुढे दोन सोपे मार्ग आहेत. कल्पनेने एक पिता तेथे बसवावा, म्हणजे वंशवृक्ष पुरा होतो; किंवा नोंदीवर विश्वास ठेवून ‘अज्ञात’ लिहावे, म्हणजे पुराव्याची मर्यादा पाळली जाते. पहिल्या मार्गाने कायद्याचा अन्याय झाकला जातो. दुसऱ्या मार्गाने कायद्याचीच भाषा वंशजाच्या तोंडी येते. पिता अज्ञात नव्हता. गल्लीतल्या सर्वांना तो ठाऊक होता. त्याला रकान्यात जागा नव्हती, एवढेच.

तिसरा मार्ग अवघड आहे. रकाना रिकामाच ठेवायचा आणि तो कुणी, केव्हा, कशासाठी रिकामा ठेवला याची कथा सांगायची. ‘बाबिच्का’ने रकाना प्रेमाने भरला, बेलने ध्येयाने भरला, एपस्टीनने तो भरताना टाके दिसू दिले, आणि स्टॉपर्डने शेवटच्या काही मिनिटांसाठी तो उघडा ठेवला. यांतील प्रत्येक कृतीचे सामर्थ्य आणि उणेपण या एका निवडीशी निगडित आहे. आज चेक प्रादेशिक दप्तरखान्यांनी जुन्या वह्यांची पाने संगणकाच्या पडद्यावर आणली आहेत. कायद्याने जन्मनोंदींना शंभर वर्षांचे संरक्षण असल्यामुळे जिवंतांची पाने मिटलेली राहतात आणि मृतांची कुणालाही उघडता येतात. नावे जुळवणे सोपे होत जाईल तसतशी वंशावळींची संख्या वाढेल, आणि त्यांना आख्यानाचे रूप देणारेही वाढतील. अशा लेखनाची पारख करताना किती पिढ्या मागे गेले हे मोजण्यात अर्थ नाही. पूर्वजाचे नाव ज्याने लिहिले त्या लेखनिकाचा हात वाचकाला दिसतो की नाही, हे पाहावे लागेल. जेथे तो हात दिसत नाही तेथे वंशज आपल्या नकळत त्याच लेखनिकाचे उरलेले काम पुरे करीत असतो.